हाफ आयर्नमॅनमध्ये धावणं बिघडलं, ते धावताना नव्हे

प्रश्न : मी सांगलीचा, वय ४२, खासगी नोकरी. या मोसमात गोव्याची हाफ आयर्नमॅन (१.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं, सगळं सलग) केली, आयुष्यातली पहिलीच ट्रायथलॉन. पोहणं १ तास २ मिनिटं, पहिलं ट्रान्झिशन (एका खेळातून दुसऱ्यात जाताना कपडे-बूट बदलणं) ११ मिनिटं, सायकल ३ तास ८ मिनिटं, दुसरं ट्रान्झिशन ९ मिनिटं, धावणं ३ तास १२ मिनिटं. एकूण ७ तास ४२ मिनिटं. मेडल मिळालं, पण मनासारखं झालं नाही. नुसती हाफ मॅरेथॉन मी २ तास १० मिनिटांत पळतो. इथे सातव्या किलोमीटरनंतर पोटऱ्यांत गोळे आले, मळमळायला लागलं आणि शेवटचे सात किलोमीटर जवळजवळ चालतच गेलो. सायकल मात्र मस्त झाली. आता वर्षभर धावण्यावर जोर द्यायचा, आठवड्यातून पाच दिवस पळायचं, असं ठरवलंय. बरोबर आहे ना? आणि पुढच्या वर्षी फुल आयर्नमॅन करावी का? घड्याळाच्या फाइल्स आणि खाण्यापिण्याचं टिपण सोबत पाठवतोय.

उत्तर :

आधी अभिनंदन. साडेआठ तासांची मुदत आणि तुमच्या हातात पाऊण तास शिल्लक. पहिल्या खेपेला हे पुष्कळ झालं. पण पाच दिवस पळण्याचा बेत रद्द करा. तुमचं धावणं कच्चं नाही. २ तास १० मिनिटांत हाफ मॅरेथॉन पळणाऱ्या माणसाला त्याच अंतराला ३ तास १२ मिनिटं लागतात, तेव्हा कारण पायात नसतं, त्याच्या आधीच्या साडेचार तासांत असतं.

निकालाचा तक्ता असा छापलेला असतो की जणू पाच विषयांचे मार्क. पोहण्यात बरे, सायकलमध्ये चांगले, धावण्यात नापास, मग धावण्याची शिकवणी लावा. ट्रायथलॉनमध्ये हे विषय वेगळे नसतातच. पाण्यात काय झालं ते सायकलवर दिसतं आणि सायकलवर काय केलं ते धावताना. म्हणून मी फाइल नेहमी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचते.

तुमचं धावणं सात-सात किलोमीटरचे तुकडे करून पाहिलं. पहिला तुकडा ५० मिनिटं, दुसरा ६६, तिसरा ७६. म्हणजे पहिले सात किलोमीटरसुद्धा तुमच्या नेहमीच्या चालीपेक्षा किलोमीटरमागे जवळजवळ एक मिनिटाने हळू होते आणि त्या वेळी नाडी १६३ होती. सांगलीत १६३ च्या नाडीला तुम्ही किलोमीटरला सहा मिनिटांच्या आसपास पळता, हे तुमच्याच जुन्या फाइल्समध्ये आहे. गोळे सातव्या किलोमीटरनंतर आले, पण सायकल स्टँडला लावली तेव्हाच तुमची टाकी रिकामी होती.

आता सायकल. पहिले ३० किलोमीटर ५७ मिनिटांत, मधले ३० किलोमीटर ६२ मिनिटांत, शेवटचे ६९ मिनिटांत. ताशी साडेएकतीसवरून तुम्ही सव्वीसवर आलात. ‘सायकल मस्त झाली’ असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा तुम्हाला ते पहिले ३० किलोमीटर आठवतायत. ते मस्त वाटणारच. तुम्ही पाण्यातून मागच्या घोळक्यात बाहेर आलात, सायकल तुमची चांगली, मग पहिल्या पाऊण तासात माणसं सटासट मागे पडत होती. पोहण्यात मागे आणि सायकलवर दमदार असलेला प्रत्येक नवखा इथेच फसतो. ज्यांना तुम्ही मागे टाकलंत त्यातले किती जण धावताना तुमच्या पुढे गेले ते निकालात बघा.

यामागचं गणित सोपं आहे, पण डोळ्यांना दिसत नाही. सपाट रस्त्यावर ताशी पंचवीसच्या पुढे गेलं की बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि वेग वाढवायला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तुमचा सगळ्या ९० किलोमीटरचा सरासरी वेग २८.७. पहिल्या तुकड्यात तुम्ही त्याच्या तीन किलोमीटर वर होतात. ऐकायला किरकोळ, पण तेवढ्यासाठी जवळजवळ तीस टक्के जास्त ताकद लागते. शिवाय जोर वाढला की शरीर चरबी कमी आणि साखर जास्त जाळतं. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅमच. शर्यत पावणेआठ तासांची आणि तुम्ही साठ्यावर हात टाकलात तो सकाळी साडेआठला.

एक गोष्ट मात्र सगळी तुमच्या माथी मारता येत नाही. कोकणपट्टीत सकाळी लवकर मतलई वारे असतात, ते मंद. दहा-अकरानंतर जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि ते चांगले जोरात असतात. शेवटच्या तुकड्यात तुम्हाला थोडा वारा नक्की लागला असणार. पण नाडी बघा. पहिल्या तुकड्यात १६१, दुसऱ्यात १५८, तिसऱ्यात १५९. वेग पडतोय, नाडी खाली यायला तयार नाही. घामाने रक्तातलं पाणी घटतं, त्यातलं बरंचसं रक्त अंग थंड ठेवायला कातडीकडे वळतं, दर ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं, मग हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. नुसता वाराच असता आणि शरीर ताजं असतं तर नाडी वाढून वेग टिकला असता, किंवा जोर कमी केल्यावर नाडीही उतरली असती. तुमचं दोन्ही झालं नाही.

हीच सायकल ६४, ६४ आणि ६५ मिनिटांची केली असती तर ३ तास १३ मिनिटं लागली असती. पाच मिनिटं जास्त. नीट तयारी असेल तर हाफ आयर्नमॅनमधलं धावणं नुसत्या हाफ मॅरेथॉनपेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी हळू होतं, दमट गरमीत वीसच धरा. म्हणजे तुमच्यासाठी २ तास ३५ च्या आसपास. पाच मिनिटं मोजून सदतीस मिनिटं मिळतात, आणि तीही एक किलोमीटर जास्त न पळता.

पुढच्या वेळी पहिल्या ३० किलोमीटरमध्ये पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हीच तुमची मर्यादा. पॉवर मीटर असेल तर एफटीपीच्या (तासभर टिकवता येणाऱ्या जास्तीत जास्त ताकदीच्या) ७० ते ७५ टक्के. नाडीवर पहिली पंधरा मिनिटं भरवसा ठेवू नका, कारण पाण्यातून आडवं पोहून एकदम उभं राहून पळत आल्यावर ती चढलेलीच असते. लोक पुढे जातील. जाऊ द्या. हे लिहायला सोपं आणि करायला फार अवघड आहे, माझ्याकडचे जुने खेळाडूही दर मोसमात एकदा तरी सायकलवर उधळतात.

आता टिपणाकडे येते, कारण अर्धं उत्तर तिथे आहे. सायकलवर तुम्ही ओआरएसच्या पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि एक केळं घेतलंत. तीन तास आठ मिनिटांत दीड लिटर पाणी. गोव्याच्या हवेत तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त घाम सहज जातो, त्याआधी तासभर पाण्यात आणि तिथे पोटात गेलेलं खारं पाणी वेगळं. पण पाण्यापेक्षाही मोठी खोट खाण्यात आहे. ओआरएस हे जुलाब झालेल्या माणसासाठी बनवलेलं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं. मीठ भरपूर, साखर नावाला. तुमच्या दोन बाटल्यांत मिळून वीस ग्रॅम, केळ्यातून आणखी पंचवीसेक. तीन तासांत पंचेचाळीस ग्रॅम, म्हणजे तासाला पंधरा. लागते किती? तासाला साठ. ओआरएस प्यायलो म्हणजे खाल्लं, ही समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे. अगदी चांगले सायकलस्वारही या बाबतीत उपाशी चालवतात.

मग धावताना सातव्या किलोमीटरला मदत केंद्रावर कुणीतरी एनर्जी जेल (घट्ट साखरेची पुडी) हातात दिलं. तुम्ही एकापाठोपाठ दोन घेतलीत, आयुष्यात पहिल्यांदा, आणि वर कोला. सुकलेल्या पोटात, जिथे रक्त पोहोचतच नाहीये, तिथे घट्ट साखर पडली. ती पुढे सरकत नाही, उलट आतड्यात पाणी ओढून घेते. मळमळ तिथूनच सुरू झाली. जेल वाईट नसतं, पण ते पाण्याबरोबर घ्यायचं असतं आणि शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा कधीच नाही.

पाण्यावरून शर्यत हातची जाणं या खेळात पहिल्या दिवसापासून आहे. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. सायकल संपली तेव्हा जॉन डनबार पुढे होता, नौदलातला गडी. मॅरेथॉनमध्ये त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला, डनबार दुसरा. तुमच्या जेल-कोलापेक्षा तो प्रकार फार वेगळा नव्हता.

बाजारातली महागडी पावडर घ्यायलाच हवी असं नाही. आपली घरची साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. आतड्यात या दोघांचे शोषले जाण्याचे मार्ग वेगळे आहेत, म्हणून दोन्ही मिळून जास्त साखर रक्तात जाते. पाऊण लिटरच्या बाटलीत ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि अर्धं लिंबू. साखर चमच्याने मोजू नका, काट्यावर तोला, कारण चमचा कुणी सपाट भरतो, कुणी शिगोशीग. अशी एक बाटली तासाला, दर दहा मिनिटांनी दोन-तीन घोट. घड्याळात गजर लावा, कारण पहिल्या तासात तहान लागत नाही आणि तिसऱ्या तासात प्यावंसं वाटत नाही. चावायला काही हवं असेल तर बिया काढलेले खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, राजगिऱ्याची वडी. शेंगदाण्याचा लाडू घरी खा. त्यातलं तेल पोटात फार वेळ बसतं. तासाला साठ ग्रॅम पचवायला पोटालाही सराव लागतो. दर शनिवारच्या लांब सायकलवर ३० ग्रॅमपासून सुरुवात करून दीड-दोन महिन्यांत साठवर या.

घाम मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. तासभर सायकल मारायच्या आधी लघवी करून, कपडे काढून वजन करा. परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. वजन ८०० ग्रॅमने घटलं आणि वाटेत अर्धा लिटर प्यायला असाल, तर तासाला घाम १.३ लिटर. थंडीत एकदा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा मोजा, फरक बघून डोळे पांढरे होतील. सगळाच्या सगळा घाम भरून काढायचा नसतो, थोडी तूट चालते. उलट मार जास्त भयंकर आहे. भीतीपोटी नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि त्याने माणसं दगावली आहेत. शर्यतीनंतर वजन सुरुवातीपेक्षा जास्त भरलं, डोकं दुखतंय, हातातली अंगठी घट्ट झाली, असं असेल तर पाणी थांबवून वैद्यकीय तंबूत जायचं. टिपणाच्या शेवटी ‘गोळे आल्यावर मित्राने दिलेली पेनकिलर घेतली’ असं एक ओळभर आहे. हे पुन्हा करू नका. पाणी कमी झालेल्या अंगात असल्या गोळ्या मूत्रपिंडावर येतात. आणि पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांवर त्यांचा उपयोगही नाही, ते गोळे मुख्यतः थकलेल्या स्नायूचं लक्षण असतं.

पोहण्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. मला सगळ्यात बोलकी फाइल तीच वाटली. नकाशावर तुमची रेघ प्रत्येक बोयाच्या (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या) आधी उजवीकडे पोटासारखी बाहेर येते आणि मग पुन्हा आत वळते. घड्याळ म्हणतं २.२५ किलोमीटर, अंतर १.९. पाण्याखाली हात गेला की जीपीएस सुटतं, त्यामुळे हा आकडा अगदी खरा धरू नका, पण रेघेचा बाक खोटा नाही. १.९ ला ६२ मिनिटं म्हणजे शंभर मीटरला ३ मिनिटं १६ सेकंद, यावरून तुम्ही स्वतःला फार हळू समजत असाल. २.२५ ने भागलं तर २ मिनिटं ४५ सेकंद होतात, तलावात तुम्ही २:३५ ने पोहता. म्हणजे तुम्ही हळू नाही, वाकडे पोहलात.

तुम्ही पोहलात त्या मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, पाणी गढूळ, खाली काळी रेघ नाही की बाजूला भिंत नाही. तलावात डोळे मिटून दहा-बारा हात मारून बघा, कुठल्या बाजूला सरकता ते कळेल. बहुतेक वेळा एकाच बाजूला श्वास घेणारे असे सरकतात, तुम्ही दोन्ही बाजूंनी घ्यायला शिका. समोर बघायचं ते डोकं पूर्ण वर काढून नव्हे, त्याने कंबर बुडते. मगरीसारखे नुसते डोळे पाण्यावर, क्षणभर, आणि लगेच बाजूला वळून श्वास. सहा-आठ हातांनी एकदा. बोया लाटांत दिसत नाही, म्हणून आदल्या दिवशी किनाऱ्यावर उभं राहून बोयाच्या मागची एखादी उंच इमारत किंवा झाड हेरून ठेवा.

मगरींवरून आठवलं, कृष्णेत जाऊन सराव करू नका. सांगलीकरांना हे मी सांगायला नको. धरणाच्या जलाशयांतही परवानगीशिवाय नको. कोल्हापूरला राजाराम तलावावर सकाळी पोहणाऱ्यांची सोबत मिळते, तिथे या. समुद्र हवा असेल तर डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा असते, तिथलं छोटं अंतर करून बघा. कुठेही गेलात तरी एकट्याने नाही आणि कमरेला भडक रंगाचा फ्लोट बांधल्याशिवाय नाही.

‘पहिल्या दोनशे मीटरमध्ये छाती धडधडली, ब्रेस्टस्ट्रोक करत गेलो’ असंही लिहिलंय. बऱ्याचदा हे श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर न सोडल्याने होतं. घाबरलेला माणूस फुप्फुसं भरून ठेवतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुदमरल्यासारखं वाटतं. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सतत सोडत राहा, सुरुवातीला घोळक्याच्या मध्ये न जाता कडेने निघा, शक्य असेल तर आधी पाच मिनिटं पाण्यात उतरून अंग मोकळं करा. कयाकला धरून थांबलात तर बाद होत नाही, फक्त तिने तुम्हाला पुढे नेता कामा नये. तुमचं वय ४२ आहे म्हणून स्पष्ट लिहिते : ट्रायथलॉनमधले बहुतेक मृत्यू पोहताना होतात आणि त्यात हृदयाचा वाटा मोठा असतो. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट केली नसेल तर पुढची फी भरायच्या आधी करा. छातीत दाब, न थांबणारा खोकला, गुलाबी फेस यांपैकी काही झालं तर हात वर करायचा, विषय संपला.

ट्रान्झिशनवर जास्त लिहीत नाही. वीस मिनिटं गेली. पहिल्याच्या फाइलमध्ये तुम्ही सात मिनिटं एका जागी उभे आहात. पाय धुतले, अंग पुसलं, सनस्क्रीन लावलं, हातमोजे, आणि ओल्या हातावर स्लीव्हज चढवल्या. ओल्या कोपरावर स्लीव्ह गुंडाळी होऊन अडकते तेव्हा माणूस किती शिव्या घालतो ते मला माहीत आहे. बाह्यांचा ट्रायसूट (तिन्ही खेळांत अंगावर राहणारा एकच पोशाख) घ्या, स्लीव्हज सुटल्या. हातमोजेही सोडा. सनस्क्रीन पोहायच्या आधी. सॉक्समध्ये टाल्कम पावडर, बुटांना इलॅस्टिकच्या नाड्या, हेल्मेट उलटं ठेवून पट्टे बाहेर आणि चष्मा आत. सायकल स्टँडवरून काढायच्या आधी हेल्मेटचं बक्कल लावलेलं असलंच पाहिजे, नाहीतर दंड. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चटई टाकून चार संध्याकाळी सराव केलात की आठ मिनिटं वाचतील. हीच आठ मिनिटं सायकलवर कमवायची असतील तर सरासरी ३० वर न्यावी लागेल, त्याला बारा-चौदा टक्के जास्त ताकद लागते. लोक त्यासाठी लाख-लाख रुपयांची कार्बनची चाकं घेतात आणि ट्रान्झिशनमध्ये उभं राहून अंग पुसतात.

आता तुमच्या आठवड्याचं. धावणं तीन दिवस पुरे. पोहणं तीन, त्यातलं एक उघड्या पाण्यात जमेल तेव्हा. सायकल दोन, एक घरात ट्रेनरवर तासाभराची, दुसरी शनिवारची लांब. शनिवारी तासगावच्या बाजूला ६० किलोमीटर करून आलात की सायकल भिंतीला टेकवायची आणि लगेच तीन-चार किलोमीटर पळायचं. वेगात नाही, फक्त पावलं छोटी आणि भरभर. पहिले दोन किलोमीटर मांड्या दुसऱ्याच्या असल्यासारख्या वाटतील. ते तसंच वाटतं, सगळ्यांना, आणि ते शर्यतीत पहिल्यांदा कळू नये एवढ्यासाठी हा ‘ब्रिक’ नावाचा सराव.

उन्हाचं वेगळं सांगते. सकाळी सातची सुरुवात धरली तर तुमचं धावणं साडेअकराला सुरू झालं आणि पावणेतीनला संपलं. सराव सगळा पहाटे साडेपाचचा. शरीराला गरमीची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. त्यात घाम लवकर सुटायला लागतो, रक्तातलं पाणी वाढतं, त्याच वेगाला नाडी खाली येते. शर्यतीच्या आधीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत आठ-दहा वेळा उशिरा सकाळी तासभर हळू पळा किंवा सायकल मारा, सावली आणि पाणी जवळ ठेवून. उन्हात अंगावर शहारे आले, चक्कर आली, बोलणं अडखळलं तर तिथेच थांबा. शर्यतीत प्रत्येक मदत केंद्रावर पहिल्यापासून वीस-तीस सेकंद चाला, टोपीत बर्फ, मानेवर पाणी, दोन घोट, मग पुन्हा पळा. तुम्ही चाललात तसं, चालावंच लागतंय म्हणून चालण्यापेक्षा हे कितीतरी वेगात पडतं.

आणि फुल? पुढच्या वर्षी नको. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ धावणं, मुदत साधारण १७ तास. तयारीला महिनोन्‌महिने आठवड्याचे बारा-पंधरा तास जातात, ते नोकरी आणि घर सांभाळून कुठून काढणार, हे आधी घरच्यांबरोबर बसून बघा. पुढच्या वर्षी दोन ऑलिंपिक अंतराच्या करा, १.५, ४० आणि १० किलोमीटरच्या, त्यात सुरुवात आवरायला शिकाल. मग पुन्हा एक हाफ. त्या हाफमध्ये धावण्याचे शेवटचे सात किलोमीटर पहिल्या सातपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त हळू झाले नाहीत, तर मला फाइल पाठवा, फुलबद्दल बोलू. नोंदणीचे पैसे तोवर वाचतायत, त्यातून आधी नीट बाइक फिट करून घ्या, म्हणजे सायकल तुमच्या अंगाच्या मापाला बसवून घ्या, आणि रस्त्याच्या कडेला ट्यूब बदलायला शिका. तुमच्या फाइलमध्ये कुठेही पंक्चरचा थांबा दिसत नाही. म्हणजे त्या बाबतीत यंदा नुसतेच वाचलात.